उजव्या खांद्यामागे

अठ्ठावीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई केसभर सरकली तरी बोटाला कळायचं,
डोळ्याच्या आधी.
आणि पिंजारी सर म्हणतात,
"मॅडम, तुम्ही बघतच नाही."

टपावर लाल ‘एल’,
सरांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक.
सकाळी साडेसहा, बिटको ते द्वारका,
रोज तोच रस्ता, तोच डावा पट्टा.
डाव्या पट्ट्यात मला बरं वाटतं.
तिथे रिक्षा थांबतात, म्हशी थांबतात,
मीही थांबते. कुणी काही बोलत नाही.

आज उपनगर नाक्यापुढे
द्राक्षांच्या क्रेटचा टेम्पो,
इतका हळू, की माश्या त्याला ओव्हरटेक करत होत्या.
"घ्या उजवीकडे," सर म्हणाले.
"आरसा. इंडिकेटर. मान. मग हात.
मान विसरायची नाही."

आरशात पाहिलं. मोकळं डांबर,
लांब मागे एक एसटी, पोस्टाच्या तिकिटाएवढी.
इंडिकेटर दिला. टिक टिक टिक टिक,
काउंटरवर कुणी पेन आपटत उभं राहावं तसं.
मान समोरच राहिली.
हात गेले.

ब्रेक सरांनी मारला.

काचेपलीकडे, हातभरावर, एक स्कूटर.
चालवणारा समोर बघत होता.
मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई,
मांडीवर डब्याची पिशवी,
ती थेट माझ्याकडे.
ओरडली नाही. पिशवी तेवढी घट्ट धरली
आणि माझ्याकडे बघत बघतच पुढे गेली.

आरशात नव्हती ती.
आरशाची कड आणि माझा खांदा यांच्यामधल्या
तेवढ्याशा जागेत
दोन माणसं, एक डबा आणि त्यांची सकाळ
आरामात मावत होती.

सरांनी गाडी कडेला घ्यायला लावली.
रागावले नाहीत. खिशातून वेलची काढली,
एक मला दिली, एक स्वतः चघळली.
"मान का वळत नाही तुमची?"

काय सांगू?
ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत,
स्कूटर जिन्याखाली जाईपर्यंत,
मीही तशीच बसायचे.
उजव्या खांद्याला ह्यांची पाठ,
आणि रस्त्याची उजवी बाजू माझ्या पाठीला.
जाताना पिठाची गिरणी, चष्म्याचं दुकान, दत्तमंदिर.
येताना पेट्रोल पंप, पंक्चरवाला, मैदानाची भिंत.
दोन्ही बाजू पाहिल्यात तशा,
एका वेळी कधी नाही.
मागून काय येतंय ते ह्यांनी बघायचं.
मी पदर चाकात जाऊ द्यायचा नाही,
एवढंच माझं ड्रायव्हिंग.

"स्पॉन्डिलायटिस आहे का?" सरांनी विचारलं.
"नाही," म्हटलं. "सवय नाही."

तोवर टेम्पो पुढे गेलेला.
गांधीनगरपाशी पुन्हा गाठला त्याला,
खरं तर त्यानेच आम्हाला गाठू दिलं.

आरसा. इंडिकेटर.
मग मान. कट्टकन वाजली, गंजल्या कडीसारखी.
खांद्यामागे दूधवाला,
मोटरसायकलला दोन कॅन,
ओठांत कसलंतरी गाणं.
त्याला जाऊ दिलं.
पुन्हा मान. दुभाजकातली धुळकट कण्हेर,
तिच्यावर तिरपं ऊन,
आणि कुणी नाही.
खात्रीसाठी एकदा आणखी पाहिलं.
नोकरीची सवय, दुसरं काय.

मग हात.
तपासलेली नोट एका गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर
न दुमडता सरकवायची,
तेवढेच हलवले.
पांढरे तुकडे डाव्या चाकाखालून निघून गेले,
खिडकीतून पिकल्या द्राक्षांचा वास आला, आंबूस,
मग तोही मागे पडला.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत.
वेलचीचं साल खिडकीबाहेर टाकलं.
"मॅडम," म्हणाले,
"द्वारका आली. आता तरी इंडिकेटर बंद करा."